जुन्या इमारती सांभाळल्याबद्दल पुरस्कार : नेमकं काय बघून द्यावा?

खिडकीबाहेर

मुंबईतल्या जुन्या वास्तूंना युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळू लागले त्याला बरीच वर्षं झाली. भाऊ दाजी लाड संग्रहालय २००५ साली, ऑपेरा हाउस २०१७ साली, आणि २०२२ मध्ये एकाच वर्षी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (म्हणजे आपलं प्रिन्स ऑफ वेल्स) आणि भायखळा स्टेशन. मध्ये फ्लोरा फाउंटन झालं, काळा घोड्याजवळचं निळं सिनेगॉग झालं. बातमी येते, आपण दोन दिवस छाती फुगवून फिरतो, मग विषय संपतो.

मला प्रश्न पडलाय की असा पुरस्कार देताना बघायचं काय? दगड किती स्वच्छ झाला, मूळची नक्षी किती परत आणली, हे झालंच. पण त्या इमारतीत आधी कोण होतं, आता कोण आहे, पाच पावसाळे गेल्यावर तिची काय अवस्था आहे, हे कोणी बघतं का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. भायखळा स्टेशनाचा पुरस्कार मला यात सगळ्यांत जास्त पटतो, कारण तिथलं स्टेशन स्टेशनच राहिलं. १८५३ च्या पहिल्या गाडीच्या मार्गावरचं हे स्टेशन. काम चालू असताना लोकल धावत होत्या आणि काम संपल्यावरही तिकिटाच्या रांगेत तीच माणसं आहेत. ऑपेरा हाउस देखणं झालंय, वादच नाही. पण आत जायचं तर तिकीटही हवं आणि निमित्तही.

आपापल्या गावातली, शहरातली उदाहरणं द्या. आणि कृपया पुणे-मुंबई सुरू करू नका.

पेठेतला_पांडू

तुम्ही नको म्हणालात म्हणून पहिल्याच प्रतिसादात करतो. :)

विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तिथे इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली. मग हायस्कूल. १८७९ ला मोठी आग लागली, बराच भाग जळाला, तो लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशातून परत उभा राहिला. पुढे नगरपालिकेचं कार्यालय तिथेच. टपाल कार्यालय तर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच बघतोय. आता प्रदर्शनं भरतात. म्हणजे दोनशे वर्षं हा वाडा कामाला जुंपलेला आहे. याला म्हणतात वापर. दर्शनी सज्जाखालचे सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब बघायला परदेशी पाहुणे थांबतात, आणि आम्ही त्याच खांबांच्या आडोशाला रिक्षाची वाट बघतो.

पुरस्कार बिरस्कार नंतर.

तिसरा_मजला

धागाकर्ते, विषय जिव्हाळ्याचा काढलात.

मी गिरगावात राहतो. आमची इमारत वारसा यादीत ग्रेड तीन, म्हणजे सगळ्यांत खालची श्रेणी. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, त्यामुळे आमचं भाडं सांगायची मलाच लाज वाटते, दोन आकडी आहे. मालक म्हणतो एवढ्या भाड्यात मी तुमची गळती काढू की माझं पोट भरू? त्याचंही खोटं नाही. आम्ही म्हणतो पागडी मोजून आलोय, फुकट नाही राहत. आमचंही खोटं नाही.

काही वर्षांपूर्वी दुरुस्ती झाली. दुरुस्ती म्हणजे काय, तर गॅलरीचे सागवानी कठडे काढून लोखंडी पाइप, चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट, आणि वर गुलाबी रंग. पहिल्या पावसात सिमेंटला पोपडे धरले. त्या कठड्यांवर कोरीव कैऱ्या होत्या, ते सगळं लाकूड भंगारात गेलं. आमच्या मजल्यावरचे दोघं बिऱ्हाडकरू अडून बसले म्हणून तेवढ्या दोन दारांसमोरचे कठडे वाचले.

पुरस्कार द्यायचाच असेल तर त्या दोघांना द्या.

एकोळी

तिसरा मजला यांना +१. त्या दोघांचा सत्कार जिना चढू शकणाऱ्या कुठल्याही मंत्र्याच्या हस्ते व्हावा.

चुनखडी

मी याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे जरा लांबेल.

खिडकीबाहेर, तुम्ही विचारलंत की वापर बघतात का. युनेस्कोच्या या पुरस्काराचे नियम साधारण असे : इमारत पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, काम गेल्या दहा वर्षांत पुरं झालेलं हवं आणि काम झाल्यावर निदान एक वर्ष ती वास्तू प्रत्यक्ष वापरात हवी. म्हणजे वापराची अट आहे. पण वर्षभराचीच. २०२० पासून निकषांत शाश्वत विकासाचा मुद्दा वाढवलाय, त्यासाठी वेगळी दखलही घेतात.

खरी मेख अर्जात आहे. अर्ज कोणीतरी करावा लागतो. नकाशे, आधीचे-नंतरचे फोटो, कामाची सविस्तर टिपणं, मालकाची संमती. संग्रहालय, मोठा ट्रस्ट, रेल्वे हे करू शकतात. तिसरा मजला यांच्या मजल्यावरचे दोघं करू शकत नाहीत. म्हणून यादीत कारंजी, चर्च आणि संग्रहालयं जास्त दिसतात आणि राहती घरं कमी. अगदीच नाहीत असं मात्र नाही. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाजवळच्या लाल चिमणी कंपाउंडला हा पुरस्कार मिळालाय. पारशी ट्रस्टच्या, भाडेकरू राहत असलेल्या साध्या इमारती. माणसं आत राहत असतानाच विकास दिलावरींनी त्यांचं काम केलं. त्यात कोणी राजा आला नव्हता की नाटक झालं नव्हतं. माझ्या मते या सगळ्या यादीतला सर्वांत धडा घेण्यासारखा पुरस्कार तो आहे, आणि त्याची बातमी सर्वांत लहान आली असेल.

आता सिमेंटबद्दल. जुनी भिंत दगड-चुन्याची. ती पावसाळ्यात ओल शोषते आणि उन्हाळ्यात बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओलीला बाहेर यायला वाट उरत नाही, ती आतच फिरत राहते. मग लाकडी तुळयांची भिंतीत घुसलेली टोकं कुजायला लागतात, आणि हे बाहेरून अजिबात दिसत नाही. रंग मात्र छान दिसतो. चार-सहा वर्षांनी तक्ता खचला की मग "इमारतच जुनी, पाडा" म्हणायला सगळे मोकळे.

चुना करायचा तर आधी कळीचा चुना पाण्यात विझवायचा, मग तो टाकीत मुरवायचा, महिनाभर तरी. मग वाळू, सुरखी म्हणजे विटांची भुकटी घालून मळायचा. जुने गवंडी गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचे. ठेकेदाराला एवढा धीर नसतो आणि निविदेत त्यासाठी ओळही नसते.

भोंगा

चुनखडीताई, उत्तम माहिती. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पण "पुनर्वापर" म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. आम्ही लालबाग-परळची माणसं. ८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, आणि पुढे त्याच गिरण्यांचा पुनर्वापरच झाला की! फिनिक्समध्ये आधी बोलिंग अ‍ॅली, मग मॉल. चिमणी ठेवली शोभेला. कमला मिलमध्ये ऑफिसं, स्टुडिओ, गच्चीवर पब. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री तिथे आग लागली आणि १४ जण गेले. जुनं बांधकाम, वर वाटेल तशा ताडपत्र्या आणि बांबूचे मांडव. याला पुनर्वापर म्हणायचं का?

माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. ज्या खात्यात ते उभे राहून काम करायचे तिथे आता कॉफी मिळते. इमारत वाचली हो. विटा त्याच, छपराच्या कैच्या त्याच. तिथे काम करणारी माणसं कुठे गेली, त्याचा पुरस्काराच्या अर्जात रकाना आहे का?

समुद्रापार

भोंगा यांचा मुद्दा पटतो, पण हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. मी सिंगापुरात असतो. इथे १९८९ पासून चायनाटाउन, लिटल इंडिया वगैरे भागांतल्या जुन्या दुकानघरांचं सरकारी नियोजन खात्याने रीतसर संवर्धन केलं. आज सात हजारांहून जास्त इमारती संरक्षित आहेत. चांगल्या कामाला दरवर्षी वास्तुवारसा पुरस्कारही देतात, आणि मालक तो पितळी फलक दारावर अभिमानाने लावतो. नियम कडक. दर्शनी भिंत, लाकडी खिडक्या, मधली हवा-उजेडाची चौकट, जिना, सगळ्याला नियम. खर्च मालकाचा.

आणि तरी? पूर्वी वरच्या मजल्यावर दाटीवाटीने राहणारी कुटुंबं सरकारी फ्लॅटांत गेली. आता त्या घरांत डिझाइनची ऑफिसं आणि महागडे बार. जुनी माणसं फोटोत आहेत. तेही संवर्धनच, पण डोळे उघडे ठेवून बघायला हवं.

पेठेतला_पांडू

>> "आपल्याकडे होतं असं समजू नका"

कुठेही झालं तरी आमच्याकडे जास्त चांगलं झालं असतं.

मांडवीकाठ

पणजीहून. आमच्याकडे दोन ठळक उदाहरणं. एक म्हणजे जुनं जीएमसी, गोवा मेडिकल कॉलेज. १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची ही परंपरा. कॉलेज आणि इस्पितळ बांबोळीला गेलं, २००४ मध्ये इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला आणि त्या इमारतीला नवं काम मिळालं. आता इफ्फीला तिथे गर्दी, सेरेंडिपिटी कला महोत्सवाला तिथे गर्दी. ज्या वॉर्डात माझ्या मावशीचं अपेंडिक्स काढलं तिथे मी इन्स्टॉलेशन का काय ते बघून आले. मला ते नाही कळलं, मावशीला तर अजिबात नाही. ती म्हणाली, "इथे खाट होती ती बरी होती." दुसरा आदिलशहाचा राजवाडा. किल्लेवजा महाल, मग पोर्तुगीज व्हाइसरॉयचं निवासस्थान, मग सचिवालय आणि विधानसभा. विधानसभा २००० मध्ये पर्वरीला गेली. तो आता प्रदर्शनांपुरता उघडतो.

अडचण अशी की हा वापर सणासारखा आहे. महोत्सव आला की रंगरंगोटी आणि दिव्यांच्या माळा, महोत्सव गेला की कबुतरं. रोजचा माणूस आत जात नाही. आणि फोंतेन्याश या पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत बरोबर उलटं. तिथे घरांत माणसं अजून राहतात आणि सकाळी खिडकी उघडली की समोर कोणीतरी साडी सावरत पोझ देत उभी. रहिवाशांनी दारांवर "फोटो काढू नयेत" अशा पाट्या लावल्यात. त्या पाट्यांचेही फोटो काढतात.

एकोळी

पाट्यांचे फोटो!! पुणेकरांनी हक्कभंग आणावा.

पेठेतला_पांडू

आणतोय. दुपारी एक ते चार सोडून.

निशिगंधा_का

थोडा विरोधी सूर लावते. ऑपेरा हाउसवर सगळे का घसरलेत? ते १९९३ ला बंद पडलं आणि २०१६ ला उघडलं. तेवीस वर्षं कुलूप. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्‌घाटन झालेली वास्तू, बालगंधर्वांपासून पृथ्वीराज कपूरपर्यंत सगळे जिथे उभे राहिले ती. पुढे तिचं सिनेमाघर झालं आणि मग काहीच नाही. गोंडलच्या राजघराण्याने ती विकून तिथे हिऱ्यांच्या बाजाराला शोभेलसा टॉवर बांधला असता तर आपण इथे श्रद्धांजलीचा धागा काढला असता. खाजगी मालकाने एवढा पैसा घातला तर तिकीट लावेल नाही तर काय! फुकट भजनाला देईल?

पुरस्काराचा उपयोग मालकांना आहे. शेजारचा जुना मालक बघतो की पाडलं नाही तरी नाव होतं, कार्यक्रमांना भाडं येतं. प्रत्येक वेळी "सामान्य माणूस कुठे" हा प्रश्न विचारून आपण चांगल्या कामावर पाणी ओततो.

भोंगा

निशिगंधा, पाणी नाही ओतत. हिशोब विचारतोय. राजाला परवडतं ते कोणालाही परवडावं अशी सोय पुरस्काराने होत नाही, ती नियमाने होते. तो नियम कुठे आहे?

चुनखडी

भोंगा, नियम आहेत. ते पोचत नाहीत हे वेगळं. मुंबईत वारसा नियमावली १९९५ ला आली, शहर पातळीवरची देशातली पहिली म्हणतात ती हीच. ग्रेड एक, दोन अ, दोन ब, तीन. वारसा समितीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मालकाचं बांधकामाचं क्षेत्र अडकलं तर त्या बदल्यात टीडीआर देण्याची तरतूदही आहे, म्हणजे इथे न बांधलेलं क्षेत्र दुसरीकडे विकायचं. कागदावर हुशार कल्पना. पण त्या पैशातून हीच इमारत दुरुस्त व्हावी, वर्षानुवर्षं तिची निगा राहावी, याची साखळी पक्की नाही. आणि जिथे भाडेकरू आहेत तिथे मालकाचा आणि रहिवाशांचा हिशोब पहिल्याच बैठकीत फाटतो.

वॉटसन हॉटेल बघा, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडवून जहाजाने आणला आणि १८६० च्या दशकात काळा घोड्याजवळ उभा केला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. अभिमान बाळगायला आणखी काय हवं? वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत नाव घातलं, परदेशी तज्ज्ञ येऊन गेले, लेख छापून आले. २०१९ मध्ये कोर्टाच्या आदेशाने ती रिकामी करावी लागली. दखल सगळ्यांनी घेतली, जबाबदारी कोणाचीच नव्हती.

दिवेलागण

मी फोर्टातल्या जे. एन. पेटिट लायब्ररीत वाचत बसायचे कॉलेजात असताना. (तिलाही हा पुरस्कार मिळालाय, २०१५ ला.) तिथलं मला आवडतं ते असं की पुरस्कारानंतरही ती लायब्ररीच आहे. तेच लांब टेबल, त्याच रंगीत काचा, आणि वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेले तेच आजोबा. म्हणजे आजोबा बदलले असतील, झोप तीच.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), भायखळ्याला उतरून कोणी स्टेशनाची इमारत बघायला थांबतं का हो? मी थांबले. मागून धक्का बसला, "चलो मॅडम."

खिडकीबाहेर

दिवेलागण, तो धक्का हीच वापराची पावती. :)

निशिगंधा, तुमचं म्हणणं मान्य की ऑपेरा हाउस वाचलं ही मोठी गोष्ट. माझा आक्षेप वास्तूवर नाही, आपल्या टाळ्यांवर आहे. आपण टाळ्या पडदा उघडल्यावर वाजवतो. भाऊ दाजी लाडचंच घ्या. १८७२ चं संग्रहालय. मी लहानपणी शाळेच्या सहलीला गेलो तेव्हा धूळ खात पडलेलं, राणीच्या बागेतल्या माकडांनंतर घाईघाईत उरकायचं ठिकाण होतं ते. पालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि बजाज फाउंडेशन एकत्र आले, काम झालं, २००५ ला युनेस्कोचा वरचा पुरस्कार, २००८ ला लोकांना खुलं. आतला तो सोनेरी-हिरवा झळाळ बघून लोक थक्क झाले. आणि मध्यंतरी ते परत दुरुस्तीसाठी बंद ठेवावं लागलं होतं. मुंबईचा पाऊस पुरस्काराचा फलक वाचून पडत नाही. त्या दुसऱ्या दुरुस्तीची बातमी कोणी वाचली?

पेठेतला_पांडू

आता जरा गंभीर लिहितो.

पुण्यात ज्या वास्तूला खरं तर सगळ्यांत आधी सांभाळायला हवं होतं ती भिडेवाड्याची. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा तिथे काढली. खाली दुकानं, वर पडझड. स्मारक व्हायचं ठरलं, भाडेकरूंचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडला. आता तिथे नवं स्मारक. स्मारक हवंच. पण त्या जिन्यावरून मुली चढल्या, तो जिना नाही राहिला. वास्तुशैली म्हणून त्या वाड्याला कोणी दहात तीन गुणही दिले नसते. मग पुरस्कारवाले काय बघतात, नक्षी का घटना?

उलट मंडई बघा. १८८६ ची, तेव्हाची रे मार्केट. तो अष्टकोनी मनोरा, आणि खाली आजही भाजीच विकतात. माझी आजी जिथून मेथी घ्यायची तिथूनच मी घेतो. गाळेवाले तेवढेच खेकसतात. वारसा अमूर्त म्हणतात तो हाच.

तिसरा_मजला

पांडूशेठ, जिन्याचं वाचून थांबलो जरा.

आमच्याकडे आता ३३(७) खाली, म्हणजे जुन्या भाड्याच्या इमारतींसाठीच्या नियमाखाली, पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. बिल्डर चाळीस मजल्यांचं चित्र दाखवून गेला. आमच्या मजल्यावरचे तरुण लोक म्हणतात घ्या. त्यांना दोष देणार नाही, संडास गॅलरीच्या टोकाला आहे आणि सत्तरीची माणसं रात्री छत्री घेऊन तिकडे जातात. वारसा-वारसा म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा तसा काढावा. संवर्धनात घरात संडास येत असेल तर मी पहिली सही करतो. येतो का?

चुनखडी

येतो. हाच तर मुद्दा आहे. मागच्या बाजूला, दर्शनी भाग न बिघडवता, शौचालयांचा वेगळा उभा भाग जोडता येतो, त्याला स्वतःचा पाया आणि स्वतःचे पाइप. जुन्या लाकडी तक्त्यावर ओली खोली कधीच टाकायची नाही. परवानग्यांना वेळ लागतो, पण अशक्य नाही.

फ्रान्समधलं एक उदाहरण देते. बोर्दोमध्ये १९६० च्या दशकातल्या तीन सरकारी इमारती होत्या, ५३० घरं. पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या. अ‍ॅन लाकातों, झां-फिलीप वासाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पाडल्या नाहीत. बाहेरून प्रत्येक घराला जवळजवळ चार मीटर खोल काचेची गॅलरी जोडली, आणि हे सगळं रहिवासी आत राहत असताना. कोणाला संक्रमण शिबिरात पाठवलं नाही. त्या कामाला २०१९ चा युरोपातला मानाचा मीस व्हान डर रोह पुरस्कार मिळाला आणि २०२१ चं प्रित्झ्कर, वास्तुकलेतलं जगातलं मानाचं पारितोषिक, लाकातों-वासाल या दोघांना. नक्षीचा एक तुकडा नाही त्या इमारतींत. म्हणजे परीक्षकांनी ठरवलं तर वेगळं काही बघता येतं.

समुद्रापार

+१. मीस पुरस्काराच्या वेळी फोटो बघितले होते. त्या काचेच्या गॅलरीत लोकांनी कपडे वाळत घातलेले, सायकली, झाडं, झोपाळा. छापील मासिकात असं सहसा येऊ देत नाहीत.

भोंगा

कपडे वाळत घातलेला फोटो पुरस्काराच्या अर्जाला सक्तीचा करा. माझी मागणी संपली.

निशिगंधा_का

भोंगा, याला माझंही अनुमोदन. आपलं पहिल्यांदाच जुळलं, धाग्याला पुरस्कार द्या.

पण मग अर्ज भरायला मदतही हवी. प्रत्येक पेठेत, वाडीत, वॉर्डात अशी घरं आहेत. आर्किटेक्चरच्या मुलांना दरवर्षी मोजमापं घ्यायची असतातच. त्यांनी ती राजवाड्यांचीच का घ्यायची? गिरगावातल्या एका मजल्याची घेतली तर निदान कागद तरी तयार होतील.

खिडकीबाहेर

ही सूचना उचलण्यासारखी. मूळ प्रश्नाकडे येतो. इथवर वाचून माझं मत थोडं पुढे सरकलं. एका वर्षाच्या वापराची अट आहे हे मला माहीत नव्हतं, बरं वाटलं. पण मी परीक्षक असतो तर पुरस्कार दोन हप्त्यांत दिला असता. निम्मा काम झाल्यावर, उरलेला दहा वर्षांनी, आणि तोही गळती काढणाऱ्या, गटारं साफ ठेवणाऱ्या माणसाच्या नावाने. आणि अर्जात भोंगा म्हणतात तो रकाना : आधी इथे कोण होतं, आता ते कुठे आहेत.

एकोळी

दहा वर्षांनी परीक्षक जिवंत असावेत अशी अट पण घाला. आपल्याकडे समित्यांचं वय बघता.

तिसरा_मजला

चुनखडीताई, शौचालयाच्या उभ्या भागाचं मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत मांडणार आहे. बिल्डरचं चित्र भिंतीवर लागलंय, त्याच्या शेजारी लावायला काहीतरी हवं. निशिगंधा म्हणतात तशी कॉलेजची मुलं मिळाली तर आमचा मजला मोजायला उघडा आहे, चहा आमच्याकडे.

आणखी एक. ते वाचलेले दोन कठडे आहेत ना, त्यांच्यावर वर्षानुवर्षांचा ऑइलपेंट चढलाय, कैऱ्यांच्या देठांच्या खाचा पार बुजल्यात. शेजारी कॉस्टिक सोड्याने धुवायचं म्हणतायत. करू द्यावं का?

चुनखडी

मुळीच नको! कॉस्टिकने सागवान काळं पडतं आणि सांध्यांतला सरस सुटतो. हॉट एअर गन भाड्याने मिळते, कमी तापमानावर ठेवा, रंग फुगला की बोथट पत्र्याने अलगद सोडवा, खाचांतला रंग बांबूच्या काडीने. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोंडाला चांगला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा आणि खरवडलेला रंग झाडून गॅलरीखाली टाकू नका, गोळा करा. मग अळशीच्या तेलाचा हात द्या. आधी कठड्याच्या आतल्या बाजूला वीतभर करून बघा आणि फोटो इथे टाका. आधीचाही काढून ठेवा, विसराल.